राष्ट्रपतीचा आठवडा
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



राष्ट्रपतीवर बोला, असा निरोप घेऊन आलेला पोरगाच मला म्हणाला, "भाऊ, त्यात बोलायचं काय? तो तर रबरी शिक्का." मी त्याला विचारलं, तुझ्या घरी पत्र्याच्या पेटीत जातीचा दाखला आहे का? असेल तर वाच. त्यात 'संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950' असे शब्द छापलेत. हा आदेश काही संसदेनं पास केलेला कायदा नव्हे. घटनेच्या 341व्या कलमानं राष्ट्रपतीला दिलेल्या अधिकारात तो 10 ऑगस्ट 1950 ला निघाला. म्हणजे ज्याला तू शिक्का म्हणतोस तो तुझ्या पेटीत बसलाय. तेव्हा हा माणूस आठवडाभर करतो काय, ते बघायला पाहिजे.

आधी थाट बघून घेऊ, म्हणजे तो एकदाचा संपेल. रायसिना टेकडीवर 340 खोल्यांचा वाडा. इंग्रजानं व्हाइसरॉयसाठी बांधला, आपण त्यात राष्ट्रपती ठेवला. आठवड्यात कधी परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रं द्यायला येतात. कागद द्यायचा, कागद घ्यायचा, फोटो. कधी मंत्र्याची शपथ, कधी पदकं, कधी कुठल्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, ट्रेनिंगमधले अधिकारी भेटीला, परदेशी पाहुण्याला खाना. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात संसदेपुढं भाषण, तेही सरकारनं लिहून दिलेलं. वाचणाऱ्यानं 'माझं सरकार' म्हणायचं. बरं.

पण शनिवारी जरा थांबा. शनिवारी वाड्याच्या पटांगणात गार्ड बदलतो. घोडे, भाले, बँड. पब्लिकला बघायला सोडतात. घोड्यावरची ती राष्ट्रपतीची अंगरक्षक पलटण 1773 साली वॉरन हेस्टिंग्जनं काढलेली. तिच्यात भरती कुणाची? राजपूत, जाट आणि जाट शीख. 2017 च्या सप्टेंबरातल्या भरतीला एवढ्या तिघांनाच बोलावलं, म्हणून दुसऱ्या वर्षी एक तरुण दिल्ली हायकोर्टात गेला. त्याच्याही आधी सुप्रीम कोर्टात हाच प्रश्न निघाला होता. तेव्हा लष्करानं सांगितलं, ही जातपात नाही, कामाची गरज आहे. समारंभात सगळे एका उंचीचे, एका ठेवणीचे दिसायला हवेत. वा रे वा! सगळे सारखे दिसावेत म्हणून जात बघायची!

आता तारखा जुळवा. 25 जुलै 2017 ला रामनाथ कोविंद शपथ घेतात. वस्तीवस्तीत फ्लेक्स लागतात. मीही पेढा खाल्ला, खोटं कशाला बोलू? आणि पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तर त्याच वाड्यातल्या घोड्यासाठी ही भरती. म्हणजे दलित माणूस राष्ट्रपती होऊ शकतो, पण त्याच्या दारातल्या घोड्यावर बसू शकत नाही. गावात नवरदेवाला घोड्यावरनं उतरवतात, ते आपल्याला माहीत आहे. हे दिल्लीत, बँड लावून.

खरा आठवडा मात्र टेबलावर असतो. फायलींचा. तिथं फोटोवाला नसतो. 74वं कलम सांगतं, मंत्रिमंडळ सल्ला देणार, राष्ट्रपती तसा वागणार. 1976 च्या 42व्या दुरुस्तीनं तो सल्ला पक्का बांधून टाकला. 1978 च्या 44व्या दुरुस्तीनं एक फट ठेवली: राष्ट्रपती एकदा म्हणू शकतो, पुन्हा विचार करा. एकदाच. पुन्हा तोच सल्ला आला तर सही करायची. 111व्या कलमात बिलाचंही तसंच, पण तिथं किती दिवसांत सही करायची ते लिहिलेलं नाही. झैलसिंग यांनी 1986 सालचं टपालाचं बिल नुसतं ठेवून दिलं. लोकांची पत्रं फोडायची मुभा सरकारला देणारं ते बिल कधी कायदा झालंच नाही.

ही फट कुणी वापरली, कुणी नाही, आणि कुणाविरुद्ध वापरली, ते बघा. 25 जून 1975 च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. अबू अब्राहम यांनी त्यावर व्यंगचित्र काढलं, राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसून सह्या करतोय. आणि राजेंद्र प्रसाद? त्यांना तर सही करायची नाही, असं वाटलं होतं ते हिंदू कोड बिलावर. सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी नेहरूंना कळवलं, की बिल आलं तर मी माझ्या बुद्धीनं ठरवीन. त्याच महिन्याच्या 27 तारखेला बाबासाहेबांनी राजीनामा लिहिला. बाबासाहेबांच्या राजीनाम्याला कारणं अनेक होती, सगळं एका पत्रावर ढकलू नका. पण बायकांना वारसा मिळणार म्हटल्यावर ज्यांची बुद्धी जागी झाली, 10 ऑगस्ट 1950 च्या आदेशावर सही त्यांचीच.

त्या आदेशाचा तिसरा परिच्छेद घरी गेल्यावर वाचा. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. 1956 साली त्यात शिखांना घेतलं. त्याच साली 14 ऑक्टोबरला नागपूरला आपण बुद्धाकडं गेलो, आणि केंद्राच्या हिशेबात आपली जातच गायब! विहिरीवर होती, हॉटेलातल्या कपात होती, फक्त नोकरीच्या फॉर्मावर नव्हती. महाराष्ट्रानं पुढं राज्यापुरत्या सवलती दिल्या, दिल्लीनं नाही.

माझा बाप केंद्राच्या एका खात्यात जागा निघाली म्हणून फॉर्म भरायला गेला. धर्माच्या रकान्यात त्यानं बौद्ध लिहिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "खोड ते. हिंदू महार लिही, नाहीतर ओपनमध्ये जा." पुष्कळांनी खोडलं. मी त्यांना नावं ठेवत नाही, घरात पोरं होती त्यांच्या. बापानं खोडलं नाही, फॉर्म तसाच घडी करून घरी आणला. पुढं गोदीत पोती वाहिली. 1990 मध्ये संसदेनं तो परिच्छेद बदलून बौद्धांना घेतलं, तेव्हा म्हातारा मला म्हणाला, "आता भर की रे." मी म्हटलं, बाबा, तुमची पाठ वाकली. आणि ख्रिस्ती, मुसलमान झालेल्या दलितांना तो परिच्छेद अजून लागू आहे, हे विसरू नका.

आता नारायणन. जुलै 1997. 11 तारखेला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, 10 माणसं मेली. 14 तारखेला राष्ट्रपतीपदाचं मतदान. एका बाजूला केरळच्या उझवूरचे के. आर. नारायणन, समोर टी. एन. शेषन, शिवसेनेच्या पाठिंब्यावर. आणि इथं मुंबईत राज्य कुणाचं, तर शिवसेना-भाजपचं. 25 तारखेला नारायणन यांनी शपथ घेतली. त्या चौदा दिवसांत रडावं का नाचावं, आम्हाला कळेना.

काय केलं त्यांनी? त्याच ऑक्टोबरात गुजराल सरकारनं उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट मागितली. नारायणन यांनी फाईल परत पाठवली. वाचलं कुणाचं सरकार? कल्याणसिंगांचं, भाजपचं. सप्टेंबर 1998 मध्ये वाजपेयी सरकारनं बिहारसाठी तेच मागितलं. तीही परत. वाचल्या राबडीदेवी. पक्ष बघून फट वापरली नाही. आणि मग 25 जानेवारी 1999 च्या रात्री शंकरबिघ्यात रणवीर सेनेनं वीसहून जास्त दलितांना मारलं. फेब्रुवारीत नारायणपूर. सरकारनं पुन्हा सल्ला पाठवला, या वेळी नारायणन यांनी सही केली. बिहारात राजवट लागली आणि राज्यसभेत बहुमत नाही म्हणून मार्चमध्ये उठली. आपल्यातले काही म्हणतात, पहिल्याच वेळी सही केली असती तर? मी त्यावर पुष्कळ रात्री विचार केलाय. राजवट लावून रणवीर सेना थांबली असती, असं मला वाटत नाही. पण शंकरबिघ्याच्या माणसाला मी हे तोंडावर सांगू शकेन का, तेही ठाऊक नाही.

न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फायलीवर त्यांनी शेरा मारला, की अनुसूचित जाती-जमातींतली लायक माणसं आहेत, त्यांचा विचार करा. केवढा गहजब झाला त्यावर! एक शेरा, तोही पेनानं. के. जी. बालकृष्णन पहिले दलित सरन्यायाधीश झाले ते 2007 साली.

1998 च्या निवडणुकीत हाच माणूस रांगेत उभा राहून मत देऊन आला. पदावर असताना मत देणारा पहिला राष्ट्रपती. तोवर ते पदाला शोभत नाही, अशी समजूत होती. त्याचा फोटो मात्र माझ्या घरात आहे.

तर पोरांनो, फ्लेक्स लावा, माझी हरकत नाही. पण रोजच्या पेपरात राष्ट्रपतींचा कार्यक्रम छापतात, त्याच्याखाली कोऱ्या जागेत लिहीत जा: आज कोणत्या बिलावर सही झाली, कोणती फाईल आली, कोणती परत गेली. पुढच्या रविवारी कलम 72, फाशीच्या माफीचे अर्ज. घटनेची प्रत घेऊन या. मागच्या वेळी सहा जणांत एकच होती.