चित्रांचा भार हलका करू या

(पुस्तकनिर्मितीच्या कामात मदत करणाऱ्या सभासदांपुढे केलेले भाषण)



आदिवासी मुलांच्या पुस्तकांसाठी आपण नेहमी उदार हाताने देत आला आहात. आज मात्र मी देणगी मागायला उभा नाही, तर आपला थोडा वेळ मागायला उभा आहे.

कोरकू, पावरी किंवा वारली भाषेतले गोष्टीचे पुस्तक तयार झाले, की ते छपाईची वाट न पाहता फोनवर पाठवता येते. पण पुष्कळ घरांत फोन एकच असतो, त्यात जागा थोडी असते आणि नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. अशा घरी पुस्तक पोहोचेल की नाही, हे मजकुरावर नव्हे, चित्रांवर ठरते.

हिशेब पाहा. शंभर पानांचा नुसता मजकूर अर्ध्या एमबीच्या आसपास बसतो. फोनने काढलेला एकच फोटो मात्र सहज ४ एमबीचा होतो. असे ४० फोटो घातले तर पुस्तक १६० एमबीचे होते. सेकंदाला १ मेगाबिट वेग मिळाला, तर ते उतरायला २१ मिनिटे लागतील. तेच फोटो प्रत्येकी २०० केबीचे केले, तर साधारण एका मिनिटात काम होते. त्यासाठी चार गोष्टी कराव्या लागतात.

पहिली, लांबी-रुंदी कमी करणे. मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे सव्वा कोटीच्या जवळपास ठिपक्यांचा असतो. साध्या फोनचा पडदा ७२० किंवा १०८० पिक्सेल रुंद असतो. फोटो १२०० बाय ९०० केला, तर ठिपके अकराव्या हिश्श्यावर येतात आणि वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही. सर्वांत मोठी बचत इथेच होते. गिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये हे सहज करता येते.

दुसरी, योग्य प्रकार निवडणे. फोटोसाठी जेपेग चांगला. डोळ्याला न जाणवणारे बारीक फरक तो गाळतो. पण गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांनी काढलेले वारली चित्र जेपेगमध्ये फार दाबले, तर रेघेभोवती डाग उमटतात. स्वच्छ रेखाचित्राला पीएनजी द्या आणि रंग सोळापर्यंत मर्यादित ठेवा. फाइलही लहान होते, रेघही स्पष्ट राहते. भिंतीवरच्या चित्राचा फोटो असेल, तर मात्र जेपेगच बरा.

तिसरी, दर्जा ठरवणे. जेपेग साठवताना दर्जाचा आकडा विचारला जातो. ७५ ते ८० पासून सुरुवात करा. मग ते चित्र साध्या फोनवर उघडून चेहरे आणि डोळे नीट पाहा. ते पुसट झाले असतील, तर आकडा वाढवा. आपल्या माणसांचे चेहरे धूसर दिसावेत, इतकी काटकसर आपल्याला नको. गोष्टीतली वाक्ये चित्रात लिहू नका. ती मजकूर म्हणूनच ठेवा, म्हणजे अक्षर मोठे करून वाचता येते.

चौथी गोष्ट बचतीची नाही, जबाबदारीची आहे. फोटो कुठे काढला, ते ठिकाण फोन पुष्कळदा फाइलमध्येच नोंदवून ठेवतो. मुलांचे घर किंवा वसतिगृह कुठे आहे, ही माहिती अशी बाहेर जाता कामा नये. ती काढून टाका. फोटो वापरण्याआधी आईवडिलांची परवानगी घ्या आणि चित्रकाराचे नाव पुस्तकात अवश्य द्या.

एक विनंती विसरू नका. मूळ फाइलला हात लावू नका. जेपेग पुन्हा पुन्हा साठवला की दर वेळी थोडा बिघडतो. म्हणून नेहमी मूळ फाइलवरून नवी प्रत करा आणि मूळ फाइली दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढे पुस्तक छापायचे झाले, तर इंचाला ३०० ठिपके लागतात. सहा इंच रुंद चित्राला १८०० पिक्सेल हवेत, तिथे आपली हलकी प्रत पुरणार नाही.

ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. तरुण संघातल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना शिकवावे. आपल्या या दोन तासांमुळे एखाद्या पाड्यावरचे मूल टेकडी उतरण्याआधीच आपल्या भाषेतली गोष्ट उघडून वाचू लागेल.