मुलांचें पोट आणि मोठ्यांची लाज



आजचा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाहीं, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्या दुखण्याचें नांव काढण्यास वडील माणसें लाजतात, तें मूल मुकाट्यानें सोशीत राहतें. म्हणून बोललेंच पाहिजे.

वर्गांत एखाद्या आठ वर्षांच्या मुलाची चड्डी वरचेवर खराब होते. सोबती हंसतात, शिक्षक रागावतात, घरीं मार बसतो. वस्तुतः पुष्कळदां हा बद्धकोष्ठाचाच परिणाम असतो. एकदां शौचास त्रास झाला, किंवा शाळेंतील शौचकूप घाण असला, म्हणजे मूल वेग आवरून धरतें. मळ सांचून कठीण होतो, आंतडें ताणून त्याची संवेदना मंदावते, आणि कठीण मळाच्या बाजूनें पातळ मळ नकळत झिरपतो. घरचीं माणसें त्यास अतिसार समजून मळ बांधणारें औषध देतात, व दुखणें बळावतें.

अशा मुलास प्रथम नेहमींच्या डॉक्टरांकडे न्यावें. शौच केव्हां व कसें होतें, याची आठ दिवसांची टांचणवही सोबत असावी. मळ मऊ करणारें औषध आणि जेवणानंतर स्वस्थपणें शौचास बसण्याची संवय यांनीं बहुतेकांस गुण येतो. मात्र औषध कित्येक महिने चालतें. चार दिवस बरें वाटलें म्हणून तें आपल्या मनानें सोडूं नये.

कांहीं लक्षणें दिसतांच मात्र तज्ज्ञाकडे पाठविण्याची चिठ्ठी मागावी : जन्मानंतर ४८ तासांत पहिला मळ न होणें, शौचांत रक्त, वजन न वाढणें, पायांतील शक्ति कमी होणें. हिरवी उलटी झाली, किंवा पोट फुगून ताप आला, तर चिठ्ठीचीहि वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. कारण कांहीं अर्भकांच्या आंतड्याच्या शेवटच्या भागांत मज्जापेशी जन्मतःच नसतात. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनीं १८८६ मध्यें ही व्याधि वर्णिली. १९४८ मध्यें स्वेन्सन यांनीं तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज ती बालशल्यतज्ज्ञ करतात.

सरकारी शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं वैद्यकीय पथकें तपासणीस येतात, व गरजू मुलांस पुढील उपचारांसाठीं पाठवितात. शिक्षकबंधूंनीं अशा मुलाची हकीकत पथकास एकांतांत सांगावी. आणि आईबापांस एवढीच विनंति, कीं छडी उचलण्यापूर्वीं मुलाचें पोट एकदां डॉक्टरांस दाखवावें.