श्वासमार्ग मोकळा करणारे यंत्र : पारख कशी करावी?



फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतमजुराच्या तोंडाला अनावर लाळ सुटते. मण्यार चावलेल्या माणसाची गिळण्याची शक्तीच जाते. बेशुद्ध रुग्णाला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत उतरते. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर कायमची इजा होऊ शकते. म्हणून कृत्रिम श्वासोच्छ्वासाआधी तोंड व घसा साफ करणे अगत्याचे असते. त्यासाठीच सुवाह्य सक्शन यंत्र असते. सन २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांमुळे महाराष्ट्रात तातडीची वैद्यकीय मदत खेड्याच्या वेशीपर्यंत आली. तिच्या सामग्रीची पारखही तितक्याच काळजीने झाली पाहिजे.

खरेदी करताना नजर बहुधा शोषणाच्या दाबाच्या आकड्यावर जाते. हा दाब नळीचे तोंड बंद करून मोजतात. ३०० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब हवाच. परंतु भाताच्या शितांसह आलेली उलटी ओढायची, तर नळीतून वाहणारा ओघही मोठा हवा. आंतरराष्ट्रीय १००७९ क्रमांकाच्या मानकात याची कसोटी आहे: काचेचे बारीक मणी मिसळलेला २०० मिलिलिटर घट्ट द्राव १० सेकंदांत ओढला गेला पाहिजे. उत्तम यंत्राला बारीक नळी जोडली, तर ते या कसोटीस कदापि उतरणार नाही. रुंद तोंडाची कडक नळी सोबत आहे की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे.

बॅटरीचे यंत्र सोयीचे खरे, पण महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिलेली बॅटरी ऐनवेळी दगा देते. हाताने वा पायाने चालणाऱ्या यंत्राला वीज लागत नाही. दिसायला ते ओबडधोबड असेल, तरी पावसाळ्यात वीज गेल्यावर त्याचीच आठवण होते. दोन्ही प्रकार असावेत, हे उत्तम. नवजात अर्भकासाठी मात्र दाब १०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. दाब कमी करण्याची सोय नसलेले यंत्र प्रसूतिगृहात ठेवू नये.

यंत्र ताब्यात घेताना ज्वारीच्या आंबिलीने प्रयोग करून पाहण्यास काहीच खर्च येत नाही. पेलाभर आंबील किती सेकंदांत ओढली, बॅटरी किती मिनिटे टिकली, हे नोंदवहीत लिहावे. नंतर नळ्या व बाटली धुऊन निर्जंतुक करावी आणि वही यंत्राशेजारीच टांगावी.