काठीचा खेळ आणि गड्याचे डोके



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी बोनसवर बोलेन, नाहीतर २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या चार कामगार संहितांवर तरी तोफ डागीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला ‘हर्लिंग’. चिटणीसांनी दोनदा फोन करून विचारले की, हे हर्लिंग म्हणजे नक्की काय, आणि तुमचा त्याच्याशी संबंध काय?

संबंध सांगतो. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण या गावच्या वाचनालयाने केले. तिथे पंचवीस वर्षांपूर्वी डब्लिनच्या १९१३ सालच्या टाळेबंदीची हकिकत माझ्या वाचनात आली. जेम्स लार्किनच्या युनियनमधून नाव काढा, नाहीतर घरी बसा, असे तिथल्या मालकांनी कामगारांना बजावले होते. पोलिसांच्या लाठ्या पडू लागल्या, तेव्हा त्या वर्षाच्या नोव्हेंबरात कामगारांनी आपले एक स्वयंसेवक दल उभे केले. बंदुका कुठून आणणार? म्हणून ते सुरुवातीला कवायतीला खेळाच्या काठ्या घेऊन उभे राहत. त्या काठीचे नाव ‘हर्ली’. संप विसरून मी त्या काठीच्याच मागे लागलो, आणि अजून तिने मला सोडलेले नाही.

खेळ असा. एका बाजूला पंधरा गडी. मैदान आपल्या फुटबॉलच्या मैदानाहून पुष्कळ मोठे, साधारण १४० मीटर लांब. प्रत्येकाच्या हातात ॲश नावाच्या झाडाची काठी, खालचे टोक तळहातापेक्षा रुंद आणि चपटे, त्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली. चेंडू चामड्याचा, सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर, वर शिवणीचे उठाव. त्याला ‘स्लिटर’ म्हणतात. चांगल्या गड्याने टोला मारला की तो ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास सुटतो. इथवर हॉकीची बहीण म्हणा. पण हॉकीत काठी खाली राहते. इथे ती खांद्यावरून, डोक्यावरून फिरते. उंच आलेला चेंडू एक गडी उघड्या हाताने झेलायला उडी मारतो आणि त्याच क्षणी दुसरा तोच चेंडू काठीने हवेत हाणायला बघतो. खांद्याला खांदा भिडवून धक्का देणे कायदेशीर आहे. समोरून जाऊन आदळणे नाही. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक.

खेळ फार जुना. १३६६ साली इंग्रज राज्यकर्त्यांनी किल्केनी इथे कायदे केले, त्यांत या खेळाला बंदी घातली आणि कारण दिले की, यात माणसे जायबंदी होतात. वाचून मला हसू आले. मायबाप सरकारला रयतेच्या हाडांची एवढी काळजी! खरी गोष्ट अशी की, त्यांना आपल्या वसाहतीतल्या माणसांनी धनुष्यबाण आणि भाल्याचा सराव करावा असे वाटत होते; लढाईला उपयोगी पडेल अशी जखम त्यांना चालत होती. बंदीने खेळ थांबला नाही. १८८४ च्या नोव्हेंबरात थर्ल्स गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली, तिने नियम बांधले, आणि गावोगाव, चर्चच्या हद्दीगणिक तिच्या शाखा निघाल्या. आजही हा खेळ पगारी नाही. राष्ट्रीय अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजारांवर माणूस जमतो. पण मैदानातला गडी दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला, पोलिसाच्या कामावर किंवा गोठ्यात दूध काढायला जातो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मला पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

असल्या खेळात शौर्याचे पवाडे होणारच. १९५४ च्या अंतिम सामन्याला ८४,८५६ प्रेक्षक होते. हर्लिंगच्या सामन्याला इतकी गर्दी पुन्हा झाली नाही. कॉर्कचा ख्रिस्टी रिंग हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ गडी. वेक्सफर्डचा निक ओ’डॉनेल त्याच्यावर आदळला आणि गळ्याजवळचे हाड मोडून बाहेर गेला. दोन वर्षांनी हेच संघ पुन्हा भिडले. वेक्सफर्ड जिंकले, आणि सामना संपल्यावर याच ओ’डॉनेलने आणि बॉबी रॅकर्डने हरलेल्या रिंगला खांद्यावर उचलून नेले. ही दिलदारी पाहून कोणाचाही ऊर भरून येईल. पण त्याच काळात टिपररी संघाच्या गोलपुढच्या तीन रक्षकांच्या फळीला लोक ‘नरकाचे स्वयंपाकघर’ म्हणत, आणि तेही अभिमानाने! आणि गोलरक्षकाने चेंडू पकडला की त्याच्यावर अंग टाकून त्याला चेंडूसकट जाळ्यात लोटणे चालत होते. गोलरक्षकाला संरक्षण देणारे नियम पुढे १९७० च्या दशकात आले.

आता डोक्याकडे येतो. १९७० च्या आसपास काही गडी आइस हॉकीचे हेल्मेट घालून मैदानात उतरू लागले. म्हणजे साधन तेव्हापासून हाताशी होते. आणि सर्व वयाच्या गड्यांना हेल्मेट सक्तीचे झाले कधी? १ जानेवारी २०१० रोजी. मध्ये चाळीस वर्षे गेली. लहान मुलांना आधी सक्ती झाली. थोरांनी मात्र पुष्कळ काळ ‘ज्याची त्याची मर्जी’ असे म्हणून चालवले. या चाळीस वर्षांत टाके किती पडले, दात किती गेले, डोळे किती दुखावले, याचा हिशेब मी मांडत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. शहाणीसुरती, धडधाकट माणसे हातातले साधन डोक्यावर का ठेवत नव्हती?

याचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागले नाही. हा माझा उजवा हात. मागे बसलेल्यांना दिसत नसेल; पहिल्या दोन बोटांची पेरे नाहीत. १९९४ साली मी एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. त्याचे नाव घेत नाही. प्रेसला गार्ड होते. कायदाही होता, यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा हवा, असे १९४८ च्या कारखाना कायद्यात स्वच्छ लिहिले होते. पण गार्ड लावले की पत्रा सरकवायला क्षणभर जास्त लागतो, आणि मजुरी नगावर. पाळीच्या शेवटी माझे नग शेजारच्यापेक्षा कमी भरले, तेव्हा सुपरवायझर काही बोलला नाही. बोलला शेजारचाच : ‘‘काय रे, भीती वाटते काय?’’ दुसऱ्या दिवशी मी माझ्या हाताने गार्डचे दोन बोल्ट काढले. बोटे गेली ती त्यानंतर अकराव्या दिवशी. चौकशीत लिहिले गेले, ‘कामगाराने स्वतः गार्ड काढले’. ते खोटे नव्हते.

तेव्हा हर्लिंगच्या गड्यांची मला खात्रीने ओळख पटते. एकट्याने हेल्मेट घालावे तर तो भित्रा ठरतो, आणि जाळीआडून चेंडू अंमळ उशिरा दिसतो अशी धास्ती. समोरचा उघड्या डोक्याने खेळतो आहे, त्याला तो फायदा आणि मला नाही, हे कोणाला सोसवेल? सर्वांना एकाच दिवशी नियम लागला आणि भित्रेपणाचा प्रश्नच मिटला. सक्ती म्हटले की हल्ली सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. मला विचाराल तर काही सक्त्या माणसाला मोकळे करतात. ही त्यांतली एक.

आणि तरी माणूस तो माणूस! हेल्मेट सक्तीचे झाल्यावरही काही गडी तोंडावरच्या जाळीची एखादी सळई काढून टाकतात किंवा वाकवतात, म्हणजे नीट दिसावे. संघटनेला इशारे द्यावे लागतात की, असे केलेत तर हेल्मेट प्रमाणित मापाचे राहत नाही, आणि जखमेची भरपाई मिळायची नाही. माझे दोन बोल्ट मला पुन्हा तिथे दिसले. दुसरी गंमत अशी की, जाळी आली तशी प्रतिस्पर्ध्याला पकडायला मूठही मिळाली. आता मुद्दाम जाळी किंवा हेल्मेट ओढणाऱ्याला पंच मैदानाबाहेर काढू शकतो.

इथपर्यंतची गोष्ट साधनाची. पण खेळ आता निराळ्या वळणावर आला आहे. लिमरिक परगण्याने २०१८ साली पंचेचाळीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवले, आणि मग २०२० ते २०२३ सलग चार वर्षे राखले. त्यांचा संघ पाहा; सहा फुटांवरचे गडी, व्यायामशाळेत घडवलेले खांदे, आणि सत्तर मिनिटे न थकता धावणारे पाय. त्यांचे कौशल्य थोर आहे, ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण एकाने अंग कमावले की दुसऱ्याला कमवावेच लागते. नगावर मजुरी असली की सगळ्या खात्याचा वेग वाढतो, तसेच हे. वजन वाढले आणि वेगही वाढला, तर टकरीचा जोर किती वाढतो? वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ती चौपट होते, हे मला आमच्या फिटरने हातोड्यावरून शिकवले. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. पण कवटीच्या आत मेंदू हिसक्याने हलतो, त्याला ते पुरेसे आवरू शकत नाही. त्यावर उपाय टक्कर टाळण्याचा, आणि तो पंचाच्या हाती.

२०१९ च्या अंतिम सामन्यात हे सर्वांसमोर घडले. मध्यंतराला थोडाच अवकाश होता. किल्केनीच्या रिची होगनने टिपररीच्या कॅथल बॅरेटवर झेप घेतली आणि कोपर डोक्याशी लागले. पंचाने लाल कार्ड दाखवले. किल्केनी उरलेला सामना चौदा गड्यांनी खेळले आणि चौदा गुणांनी हरले. मग वाद पेटला. एक पक्ष म्हणे, एवढ्याशा गोष्टीवरून अंतिम सामन्याचा विचका केला. खेळ मऊ झाला. दुसरा म्हणे, डोके ते डोके, मग सामना कोणताही असो. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. साखळी सामन्यात चूक आणि अंतिम सामन्यात मर्दुमकी, असे एकाच कोपराचे दोन भाव कसे होतील? २०२१ साली आणखी एक नियम आला. गोल होण्याची उघड संधी मुद्दाम गड्याला पाडून हिरावली, तर पाडणारा दहा मिनिटे बाहेर आणि वर पेनल्टी. त्यालाही ‘हा आमचा खेळच नव्हे’ म्हणून विरोध झाला. आधीच्या वर्षी तशी सूचना फेटाळलीही गेली होती.

माझे एक मित्र म्हणतात, कारखान्यात माणूस पोटासाठी जातो, मैदानावर हौसेने. दोन्हीला एक माप लावू नकोस. आक्षेप रास्त आहे. पण हौसेचा माणूस दुखापत लपवायला जास्त तयार असतो. किल्केनीच्या हेन्री शेफ्लिनने २०१० च्या उपांत्य सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध दुखावून घेतला. महिन्याभरात अंतिम सामना. जिंकले तर सलग पाचवे अजिंक्यपद. तो उतरला. पहिल्या अर्ध्यातच त्याला बाहेर यावे लागले आणि किल्केनी हरले. दहा अजिंक्यपदांचा मानकरी हा माणूस. त्याला कोणी जबरदस्ती केली असेल असे मला वाटत नाही. गावाचे प्रेम हीसुद्धा एक जबरदस्ती असते, आणि तिच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची?

मला त्यातल्या त्यात समाधान वाटले ते कॉर्कच्या हकिकतीने. २००२ च्या नोव्हेंबरात कॉर्कच्या हर्लिंग संघाने संप केला. हो, संप! बिनपगारी गड्यांचा. सामन्याला संघाचा डॉक्टर असावा, व्यायामशाळेची सोय व्हावी, प्रवासाची नीट व्यवस्था असावी, अशा त्यांच्या मागण्या. पैसा मागितला नव्हता. फुटबॉलचे गडी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लोकांनी आधी नावे ठेवली : गावाचा मान विकायला निघाले म्हणून. डिसेंबरात परगण्याच्या मंडळाने मागण्या मान्य केल्या. आणि याच संघाने २००४ व २००५ साली अजिंक्यपद जिंकले. गड्यांची एक देशव्यापी संघटना १९९९ पासून आहे. पुढे मूळ असोसिएशननेही तिला मान्यता दिली. मी डोळ्यांत तेल घालून वाचत होतो, पण कोणत्याही कागदावर तिला ‘युनियन’ म्हटलेले आढळले नाही. असो. नावाशी माझे भांडण नाही.

डोक्याचा प्रश्न नियमाने बराच सोडवला, टकरीचा अजून सुटायचा आहे, आणि हाताचा तर तसाच पडून आहे. तुम्ही या खेळाचे एखादे चलच्चित्र जरूर पाहा. चेंडू उंच येतो, चार-सहा काठ्या वर जातात, आणि त्या काठ्यांच्या मधून एक उघडा पंजा वर येतो. बोटे मोडतात, पंजाची हाडे मोडतात. हाताच्या पाठीवर कवच असलेले हातमोजे बाजारात मिळतात, घालणारे थोडे. विचारले तर सांगतात, मोजा घातला की चेंडू हाताला कळत नाही. मोजा घालून पत्र्याची कड कळत नाही, असे मीही सांगत असे.