मंडळीची पंगत

चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी मनोरा आणि घंटा येते. मराठी ख्रिस्ती माणसाचा त्यासाठीचा शब्द मात्र 'मंडळी' असा आहे. आधी माणसे, मग इमारत. मी अल्लीपूरचा. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, यावरून गाव ओळखावे, हे आमच्याकडे सांगावे लागत नाही. म्हणूनच मला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या पहिल्या मंडळीचा इतिहास मोलाचा वाटतो.

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्ज, हर्वी आणि रीड तेथे आले. बरोबर बाबाजी हे ब्राह्मण ख्रिस्ती होते. पुढच्याच वर्षी हर्वी पटकीने गेले आणि १८३३ मध्ये बाबाजीही. त्याच १८३३ मध्ये मंडळी स्थापन झाली. आरंभीचे बरेच सभासद मिशनच्या आश्रयाला आलेले गोरगरीब, आंधळे-पांगळे. त्यांत महार समाजातली माणसे होती.

१८३९ मध्ये हरिपंत खिस्ती या मंडळीत आले. जन्माने ब्राह्मण. प्रभुभोजनाला भाकर एक, प्याला एक. तो प्याला ओठांना लावणे म्हणजे घर, जात आणि वारसा यांवर पाणी सोडणे. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा १८५० मध्ये झाला, पण तुटलेली माणसे कायद्याने जोडली जात नाहीत. १८५४ मध्ये हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. गोऱ्या साहेबाच्या जागी आपल्याच भाषेत वाढलेला माणूस व्यासपीठावर उभा राहिला.

मग सारे सुरळीत झाले का? नाही. लग्न जुळवताना मूळ जात विचारण्याची सवय मराठी ख्रिस्ती समाजातूनही गेली नाही. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. चर्चमध्ये जात मानायची नाही, कागदावर ती उरत नाही आणि गावकुसाला मात्र ती ठाऊक असते! या तिढ्यात आजही हजारो कुटुंबे जगत आहेत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. पंथ एक झाले, ही मोठी गोष्ट. पण मंडळीची खरी परीक्षा १८३३ मध्ये होती तीच आज आहे : शेजारी कोण बसले आहे, हे न विचारता प्याला पुढे देता येतो का?