फिरत्या घरातील विजेचा हिशेब
(वार्षिक समारंभातील भाषण)



आज मी तुमच्यापुढे एका गाडीविषयी बोलणार आहे. माझा एक जुना विद्यार्थी आहे. नववीत तो गणितात दोनदा नापास झाला, तेव्हा "तुझ्या हातून काही व्हायचे नाही" असे मीच त्याला म्हणालो होतो. पुढे तो आय.टी.आय.मध्ये वायरमनचे काम शिकला. गेल्या वर्षी त्याने एक जुनी व्हॅन घेतली, आत पलंग व ओटा बसवला आणि बायकामुलांसह महिनाभर फिरायचे ठरवले. मुक्काम कोठेही, विजेचा खांब नसेल तेथेही. एके दिवशी तो वही घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, एवढा हिशेब तपासून द्या."

मी पडलो बी.ए. झालेला मनुष्य! पण हिशेब पाहिला तर तो आपल्या घरखर्चासारखाच निघाला. आधी रोजचा खर्च मांडायचा. वॅट गुणिले तास, की झाले वॅट-तास. पंखा २० वॅटचा, ८ तास, म्हणजे १६०. पाच-पाच वॅटचे दोन दिवे, ४ तास, म्हणजे ४०. लहान फ्रीज ४५ वॅटचा. थांबत थांबत दिवसाकाठी ८ तास चालतो असे धरले, तर ३६०. मोबाइलसाठी ४०. एकूण ६००.

आता शिल्लक पाहा. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करत गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती आले ६००. एका दिवसाचा खर्च, गाठीला काही नाही. म्हणून त्याने दोन बॅटऱ्या धरल्या. इंजिन सुरू करणारी बॅटरी या कामाची नव्हे. ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते.

राहिली मिळकत. छपरावर ३०० वॅटचे सौर पॅनेल. चांगल्या उन्हाचे ४ तास धरले तर १२००; त्यातील चौथा हिस्सा वाटेत गळतो असे मानले, तरी ९०० उरतात. पावसाळी दिवसांत ही मिळकत फार घटते, म्हणून गाडी चालत असता इंजिनावरूनही बॅटरी भरण्याची सोय त्याने केली.

मी वहीवर "बरोबर" अशी खूण केली. येथेच चुकलो.

गाडीच्या पहिल्या फेरीतच पलंगाखालून धूर आला. बॅटरीची तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती आणि फ्यूज "नंतर लावू" म्हणून राहून गेला होता. पलंगावर त्याची धाकटी मुलगी झोपलेली होती. त्याने आधी तिला बाहेर काढले आणि मग पाना घेऊन बॅटरी सोडवली. थोडक्यात निभावले.

मित्रहो, १२ व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नका. घरी १००० वॅटच्या उपकरणाला सुमारे ४ अँपिअर लागतात. १२ व्होल्टवर त्यालाच ८३ लागतात! म्हणून तार जाड हवी, आणि बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून फ्यूज हवाच. त्या वहीत फ्यूजची ओळच नव्हती. मी गुणाकार तपासले. काय लिहायचे राहिले, ते तपासले नाही. शिक्षक म्हणून ही गोष्ट मला अजून बोचते.

पण त्याने हाय खाल्ली नाही. सगळ्या तारा काढून पुन्हा टाकल्या, प्रत्येक फाट्याला फ्यूज लावला आणि मग महिनाभराचा प्रवास सुखरूप करून आला.

विद्युतप्रवाहाचा नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारा जॉर्ज ओहम हा जर्मनीतील कोलोन शहरात शाळामास्तर होता. त्याचा नियम तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. विद्यार्थ्यांनो, तो पाच गुणांसाठी पाठ करू नका. कधीतरी त्यावर कोणाची झोप अवलंबून असेल.

आणि पालकहो, गणितात मागे पडलेल्या मुलाला "तुझ्या हातून काही व्हायचे नाही" असे म्हणू नका. मी म्हणालो होतो. आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील वायरिंग त्यानेच तपासून दिले आहे, आणि वही तपासताना मी आधी फ्यूजची ओळ शोधतो.