पलटणीतून प्रयोगशाळेकडे

पलटणीतून कायमचा घरी आलेला गडी दिसला, की गावात एकच प्रश्न निघतो : ‘आता काय, बँकेत पहारा, का कारखान्याच्या फाटकावर?’ प्रश्न मायेचाच असतो. पण या गड्याने लष्करात वायरलेस संच खोलून पुन्हा जोडलेला असतो. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगितलेला असतो. ‘मला इंजिनिअरिंग शिकायचंय,’ असे तो म्हणाला, तर आपण काय करू?

अमेरिकेने हा प्रश्न दुसरे महायुद्ध चालू असतानाच हाती घेतला. लाखो सैनिक एकदम परतले, तर बेकारी माजेल, ही धास्ती होती. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. ‘जी. आय. बिल’ या नावाने तो ओळखला जातो. सरकार सैनिकाची वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी भरी; शिवाय दरमहा ५० डॉलर आणि कुटुंब असल्यास ७५ डॉलर हाती देई. म्हणजे पुस्तकाबरोबर चुलीचीही काळजी घेतली होती. सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. दर्जा खालावेल, अशी काही विद्यापीठप्रमुखांना भीती होती. पण ही संसारी, पोक्त मंडळी नेटाने शिकली आणि ती भीती फोल ठरली.

जॅक किल्बी हा त्या पिढीतलाच. कॉलेज नुकतेच सुरू झाले होते, तोच युद्ध पेटले. लष्कराने त्याला आपल्या ईशान्य भारतातल्या एका चहामळ्यावरच्या ठाण्यात रेडिओ दुरुस्तीला बसवले. युद्धानंतर त्याने इलिनॉय विद्यापीठात परतून १९४७ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९५८ साली त्याने अनेक भाग एकाच तुकड्यावर बसवलेले इंटिग्रेटेड सर्किट करून दाखवले. २००० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या खिशातला मोबाईल त्याच कल्पनेवर चालतो.

मात्र पैसा दिला म्हणजे काम झाले, असे नव्हे. तिकडे हल्ली ही मदत साधारणपणे ३६ महिन्यांची असते. विज्ञानाची पायरी उंच. सुटलेले गणित आधी भरून काढायचे, मग पुढचे विषय, मग प्रयोगशाळा. पदवी हाती येण्याआधीच महिने सरतात. म्हणून २०१७ च्या कायद्याने विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या पात्र माजी सैनिकांना आणखी ९ महिने किंवा ३०,००० डॉलरपर्यंत वाढीव मदत देऊ केली. १९४४ च्या कायद्यासाठी झटलेल्या लोकप्रतिनिधी एडिथ नॉर्स रॉजर्स यांचे नाव त्या शिष्यवृत्तीला दिले आहे. धडा सरळ आहे : परतलेल्या सैनिकाजवळ बुद्धी असते, जिद्द असते, तोकडे पडते ते गणित आणि वेळ.

आता आपल्याकडे पाहा. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी पिढ्यान् पिढ्या सैनिक दिले. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर चारांतला फार तर एक जण सैन्यात कायम होणार. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर घरी येतील. दहावीवर गेलेल्या अग्निवीराला बारावीच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. ठीक आहे, पण प्रमाणपत्राने दार उघडते, बीजगणित येत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, असा कोणी दाराशी आला, तर त्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी द्या. अपूर्णांकापासून आरंभ करा. त्यात त्याला कमीपणा वाटू देऊ नका. गावकरी मंडळींनी ‘या वयात कसलं शिक्षण?’ हे बोलणे सोडावे. घरच्यांनी हाती आलेला सगळा पैसा घराच्या स्लॅबमध्ये घालण्याआधी शिक्षणाचा वाटा बाजूला काढावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सवलतींची चौकशी करावी, आणि ती प्रवेशाची मुदत टळण्याआधी करावी.

सीमेवर त्याने आपल्यासाठी रात्री जागवल्या. आता अभ्यासासाठी तो जागणार असेल, तर निदान त्याच्या दिव्यात तेल कमी पडू देऊ नये.